बेचाळीस दाणे

आमच्या घरची वाणसामानाची यादी पहिली दहा-बारा वर्षं कागदावर नव्हती. ती फडक्यात होती. जुन्या धोतराचा हातभर तुकडा आणि त्याला जागोजाग मारलेल्या गाठी. एका गाठीत एक जिन्नस. तुरीच्या गाठीत चार दाणे निघाले तर चार पाव, म्हणजे किलोभर तूर घ्यायची. सहा निघाले तर दीड किलो. तांदळाला तांदूळ, हरभऱ्याला हरभरे, हिशोब तोच. मोहरी-जिरं चिमूटभर असलं की एक पुडी. साखर, चहापत्ती असल्या न मोजता येणाऱ्या जिनसांची चिमूट बांधून वर दोऱ्याचे वेढे द्यायचे. जितके वेढे तितके पाव. तेलाची बाटली माझ्या हातातच असायची, तिला यादी कशाला?

ही युक्ती बायकोची. तिला अक्षर येत नव्हतं. मला येतं असं लग्न जमवताना आमच्या लोकांनी सांगितलं होतं. खरं सांगायचं तर दुसरीत मास्तरांनी माझ्यावर छडी उगारली, मी ती धरली आणि सोडली नाही. तिथंच शाळा संपली. आकडे यायचे, सही यायची, बसची पाटी कळायची. बाकीचं मी पोरं मोठी झाल्यावर शिकलो आणि हे सगळं माझ्या हातानं लिहितोय. जोडाक्षर चुकलं असेल तर असू दे.

याची मला लाज कधीच वाटली नाही. कंपनीत मी लेथवर होतो. ड्रॉइंग वाचता येत नसे, पण सुपरवायझरनं एक नमुना समोर ठेवला की तसाच जॉब काढून दाखवायचो, सुताभराचा फरक नाही. मग घरी नमुन्यावर बाजार आणला तर बिघडलं कुठं? आमच्या गल्लीतल्या शेठच्या दुकानात एकदा एक शिकलेला कारकून मला म्हणाला, "भाऊ, कागदावर लिहून आणत जा की."

मी म्हणालो, "कागदावर तूर लिहिली तर हे शेठ कसलीही तूर देतील. आमच्या फडक्यात तूर बांधलेली असते. ती बघून तशीच द्यावी लागते."

शेठ गालात हसले. कारकुनानं आपली चिठ्ठी खिशात घातली. मला तो दिवस गोड गेला.

आकुर्डीला रेल्वेलाइनच्या अलीकडे आमची खोली होती, वर पत्रा, पुढं दोन हात ओटा. गल्लीच्या तोंडाला शेठचं दुकान. पोत्यांची तोंडं गुंडाळून रांगेत मांडलेली, वर टांगलेला तराजू आणि रद्दीच्या कागदाची पुडी बांधताना शेठच्या बोटांत सुतळी अशी फिरायची की आमच्या कंपनीतलं मशीनही लाजेल. फडकं आलं की ते गिऱ्हाइकांना थांबवायचे. "जरा दम धरा, वहिनींचं पत्र आलंय." एकेक गाठ सोडून तराजूच्या पारड्यात दाणे ओतायचे, बोटानं मोजायचे आणि मोठ्यानं वाचायचे. लोक कौतुकानं बघायचे. एका खेपेला वाटेत मुंग्यांनी गुळाचा खडा पळवला आणि आम्ही आठवडाभर बिनगुळाचा चहा प्यालो. तेवढं सोडलं तर यादी कधी चुकली नाही.

दुसऱ्या टोकाला मावशीचं दुकान. दुकान म्हणजे राहत्या खोलीचा दर्शनी भाग. एका फळीवर डबे, एका फळीवर साबण आणि मधे मावशी. मराठवाड्याकडून आलेली, एकटी बाई, जिभेला धार. शेठकडे नसेल ते तिच्याकडे मिळायचं, आणि सोबत दोन शब्द फुकट.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, सत्तर सालाच्या आसपास, सासरे आले.

त्यांचं गाव खेडच्या पलीकडे, आता ज्याला राजगुरुनगर म्हणतात त्याच्या. घरी शेती, भुईमुगाचं पीक जोरात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पोरीचं बरं चाललंय का ते बघायला म्हणून आले आणि आल्या आल्या त्यांनी फळीवरचे डबे उघडून बघितले. एकात अर्धा किलो डाळ, एकात पावभर साखर. सासऱ्यांनी डबा माझ्यापुढं हलवला. तळाशी दाणे खुळखुळले.

"पाहुणं, हे काय?"

"डाळ, मामा."

"डाळ दिसती मला. एवढीशी?"

"संपली की दुकान हाय की. पन्नास पावलांवर."

"चिमणीवाणी रोज टिपून खाताय व्हय! आमच्यात कणगी भरल्याबिगर बाईमाणूस झोपत न्हाई. तुमचा शेठ उद्या दुकान बंद करून गावाला गेला तर माझी लेक काय पत्रा खाणार?"

तोंडाशी खूप आलं होतं, ते गिळलं. रात्रीची भाकरी खाऊन हात धुताना त्यांनी निकाल सांगून टाकला. "परवा सकाळच्या गाडीनं मी हिला घेऊन जातो. तुमचं घर घरासारखं झालं की या न्यायला. एक वरीस लागू दे, दोन लागू दे."

पोरीला माहेरी न्यायला बापाला कोण अडवणार? मी अडवलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडणात माझा हात कुणी धरू शकत नाही, पण बायकोचं माहेर तुटलं असतं. सकाळी मी फर्स्ट शिफ्टला निघालो तेव्हा ती फडकं घेऊन दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मला न्हाई जायचं."

"मग सांग की तुझ्या आबांना."

"आबांना सांगून पटत न्हाई. दाखवून पटतं. आज पगार हाय न्हवं? बाजार नीट आणा. संध्याकाळी भरलं घर दिसू द्या. सगळं बांधलंय यात. अवो, एक गाठ चुकवू नका."

"मी कधी चुकलोय?"

तिनं एक गाठ माझ्या बोटांत धरवली. मग म्हणाली, "दाणे चार बांधलेत. किलोभर. आबांना शेंगदाण्याची आमटी लागती."

त्या दिवशी मशीनवर माझा हात चालत होता आणि डोक्यात मामांचा डबा खुळखुळत होता. जेवणाच्या सुट्टीत आमच्यातला एक कराडकडचा गडी गावाहून आला होता, तो घरच्या शेतातले शेंगदाणे सगळ्यांना वाटत सुटला. माझ्याही हातावर त्यानं मूठभर टेकवले. "कच्चे हायेत राव, हितं खाऊ नकोस. वहिनीला दे, चटणी करंल."

आता ठेवायचे कशात? खिशात कापसाचा बोळा, तेलकट चिंध्या. मग फडकं आठवलं. आणि मी मशीनवरचा माणूस, वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय. कसेही कोंबले असते तर ते तुरीत मिसळले असते, तांदळात मिसळले असते. मी नीट शेंगदाण्याची गाठ शोधली, सोडली, त्यातच हेही दाणे घातले आणि घट्ट बांधून टाकली. जिन्नस जिनसात. मनात म्हणालो, बघा, असा असतो नीटनेटकेपणा.

मग भोंगा झाला, मशीन सुरू झालं आणि ती मूठ मी साफ विसरलो.

साडेतीनला सुटलो. पगाराचं पाकीट छातीशी, हातात बाटली, पाय शेठच्या दुकानाकडे. शेठनं फडकं घेतलं. "आज पत्र मोठं आहे."

"पाहुणे आलेत."

तूर आली, तांदूळ आले, मूग आले. साखरेचे वेढे मोजले, चहाचे मोजले. मग शेठनं शेंगदाण्याची गाठ सोडली आणि पारड्यात खळकन दाण्यांचा ढीग पडला. शेठचं बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, परत ढिगाकडं बघितलं आणि मोजायला लागले. दहा झाले. वीस झाले. मागं उभी असलेली गिऱ्हाइकं पुढं सरकली. तीस झाल्यावर तीही मोठ्यानं मोजायला लागली. एकेचाळीस, बेचाळीस!

"भाऊ, साडेदहा किलो होतात."

चार सांगितले होते हे मला आठवत होतं. पण बेचाळीस कुठून आले ते त्या क्षणी देवाशप्पथ आठवेना. मला वाटलं, बायकोनंच नंतर विचार बदलला असेल. मामांना कणगी पाहिजे ना, मग दाखवा कणगी. आणि शेठ जरा हसल्यासारखे दिसले.

"काही गफलत तर नाही ना भाऊ? दोन माणसांचं घर—"

गफलत हा शब्द शेठनं वापरायला नको होता.

"शेठ, तुम्ही एवढे शिकलेले. बेचाळीस मोजता येतात ना?"

"येतात की."

"मग पत्रात लिहिलंय ते द्या. पत्राला प्रश्न विचारू नका."

मागून कुणीतरी म्हणालं, "द्या शेठ, द्या! भाऊंकडे बारसं असंल!" सगळे हसले. मीही हसलो, कारण माघार घ्यायची वाट आता बंद झाली होती.

शेठनं शेंगदाण्याचं पोतं झटकून झटकून मोजलं. सात किलो भरले. "एवढेच आहेत. बाकीचे साडेतीन सोमवारी देतो."

"सोमवारी न्हाई. आज." सासरे उद्या सकाळी जाणार होते. शेठनं नमुन्याचे दाणेही नेहमीसारखे परत गाठीत बांधून दिले. ते फार चोख होते. मी सात किलोची पिशवी एका खांद्यावर, बाकीचं सामान दुसऱ्या खांद्यावर टाकून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मावशीकडं गेलो.

"मावशी, साडेतीन किलो शेंगदाणे."

मावशीनं माझ्या खांद्यावरची पिशवी चाचपली. "ह्यात काय हाय?"

"शेंगदाणे."

"अरं माझ्या राजा, घरात हत्ती आणलास का काय?"

"आलाय. सासरा."

मावशी एवढी हसली की फळीवरचा साबण खाली पडला. हसत हसत तिनं डबा उपडा केला, वर एक मूठ जास्तीची टाकली. "ही हत्तीला माझ्याकडून."

आणि ती मूठ बघितली न बघितली, मला कराडचा गडी आठवला.

सगळं आठवलं. मी रस्त्यातच उभा राहिलो. उन्हात, तिन्ही बाजूंनी सामान लटकलेलं, हातात तेलाची बाटली. परत जाऊन शेठला सांगायचं की माझीच गफलत झाली? आख्खी गल्ली अजून दुकानातच उभी असणार. मी माल परत करणारा माणूस नाही. तोललेला माल घरी जातो, दुकानात नाही. पण घरी सासरे बसलेत. त्यांना काय सांगू? लेकीचा नवरा किलोभर सांगितलं तर पोतं आणतो? उद्या ती गाडीत बसणार आणि तेही माझ्या मुठीपायी. शेवटी मलाच माझं हसू यायला लागलं आणि हसू आलं की ओझं हलकं होतं, हा माझा अनुभव आहे. निघालो.

सासरे ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मी आत जाऊन पिशव्या टेकवल्या. दाण्यांची पिशवी आडवी झाली आणि चुलीपर्यंत दाणेच दाणे झाले. बायको पिठाचे हात घेऊन वळली. तिनं दाण्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं की आता काही विचारू नकोस. मामा दारात येऊन उभे राहिले.

"हे किती?"

मी छाती काढून म्हणालो, "साडेदहा. आणि एक मूठ."

"साडेदहा किलो दाणे? येकदम?"

बायकोनं तोंडाला पदर लावला. पण आवाज एकदम सरळ काढला. "आबा, आमी दाणे असेच आणतो. आज संपले होते."

माझ्या बायकोसारखी बाई तुम्हाला मिळणार नाही.

मामा खाली बसले. एक दाणा उचलला, सालपट काढलं, दातांखाली धरला. दाण्यांचा माणूस तो. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. "बरा हाय माल. आपल्याच पट्ट्यातला वाटतो." चेहऱ्यावर जरा ऊन पडलं. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात ते म्हणाले, "फडकं बघू."

"कसलं फडकं, मामा?"

"पाहुणं, माझ्या लेकीला गाठी मारायला कुणी शिकवलं? तिच्या आईनं. तिची आई कुणासाठी बांधायची? पस्तीस वर्सं चाकणच्या बाजाराला ते फडकं घेऊन मी जातोय. आणा हिकडं."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मी बायकोकडं बघितलं, ती चुलीत फुंकर घालायला लागली. फडकं दिलं. मामांनी बोटांनी गाठी चाचपल्या, नेमकी टपोरी गाठ सोडली आणि बेचाळीस दाणे तळहातावर घेतले. मोजले नाहीत. उजेडाला धरले आणि बोटानं दोन ढीग करायला लागले. एका बाजूला चार बारीक, तांबडे दाणे. दुसऱ्या बाजूला सगळे टपोरे, फिक्कट.

"हे चार आपल्याकडचे. हे माझ्या लेकीनं बांधले." मग दुसऱ्या ढिगावर बोट ठेवलं. "हा पसरी दाणा, भुईवर पसरणाऱ्या वेलाचा. लांब घाटाकडचा. ह्या शेठकडं न्हाई, त्या पिशवीत न्हाई, आमच्याकडं तर न्हाईच. हा कुणी बांधला?"

शेंगदाण्याचं अक्षर वाचणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. खोटं बोलायचं माझ्या स्वभावात नाही, आणि तिथं सोयही नव्हती. कराडचा गडी, जेवणाची सुट्टी, जिन्नस जिनसात, शेठची गफलत, मावशीचा हत्ती, सगळं सांगून टाकलं. हत्तीचं सांगायला नको होतं ते नंतर कळलं.

मामांची मान खाली. खांदे हलायला लागले. मला वाटलं संतापले. तर म्हातारा हसत होता! आधी आतल्या आत, मग ठसका लागेपर्यंत, मग मांडीवर थापा मारून. बायकोचा पदर सुटला, तीही सुरू झाली. मग मला कसलं आवरतंय? शेजारच्या खोलीतली बाई वाकून बघून गेली.

"हत्ती!" मामा डोळे पुसत म्हणाले. "व्हय रं, हत्ती! ऐक आता. लग्नानंतरची गोष्ट. हिच्या आईनं वर्साच्या मसाल्याला मिरच्या बांधल्या. बारा. एक मिरची म्हणजे एक शेर, असा आमचा ठराव. बाजाराच्या वाटंवर मी भाकरी सोडली. तोंडी लावायला कोरड्यास न्हाई. भूक तर अशी लागलेली—"

"आबा!" बायको किंचाळली. "खाल्ल्या?"

"अकरा!"

"अकरा?"

"मोठी भाकर हुती. बाजारात गाठ सोडली तर येक मिरची. मीही असाच अडलो. दुकानदार म्हणाला, येकच शेर? वर्साला? मी म्हणालो, बांधलंय तेवढं दे. तुझ्या आईनं मला वरीसभर बिनतिखटाचं कालवण घातलं आणि येका शब्दानं बोलली न्हाई."

"मग आजोबांनी काय केलं?" बायको विचारत होती, तिला हसू आवरत नव्हतं. "तुमचे सासरे आले न्हाईत आईला न्यायला?"

तळहातावरचे दाणे दोन्ही ढीग एकत्र करून मामांनी परत गाठीत घातले आणि गाठ मारायला लागले. बराच वेळ मारत होते.

"आलते," ते म्हणाले. "मिरच्यांचं कळलं आणि आलते. तुझी आई गेली न्हाई."

मग फडकं त्यांनी बायकोकडं टाकलं. "आमटी टाक, बाई. दाण्याला काय तोटा न्हाई."

रात्री आम्ही आमटी खाल्ली, वर ठेचलेल्या दाण्यांची चटणी, त्यावर गुळाशी दाणे. हात धुताना मामांनी परत निकाल सांगितला, आदल्या रात्रीच्याच जागी उभं राहून. "मी सकाळच्या गाडीनं जातो." एवढंच. घेऊन जातो म्हणाले नाहीत. अंधारात बायकोनं माझ्या हाताला घट्ट चिमटा काढला. आमच्याकडं आनंद असाच कळवतात.

सकाळी मी त्यांना भोसरीच्या फाट्यापर्यंत पोचवायला गेलो. खेडच्या गाडीची वाट बघत उभे होतो. त्यांच्या काखेत चार किलो शेंगदाण्यांचं गाठोडं, लेकीनं बांधलेलं. त्यांनी तीनदा नको म्हटलं, तिनं तीनदा ऐकलं नाही.

"घरात शेंगांचा ढीग लागलाय," मामा म्हणाले. "आणि मी शहरातून दाणे घेऊन चाललोय. गावात काय सांगू?"

"जावयानं दिले म्हणून सांगा."

"का दिले इचारलं तर?"

"सांगा, हत्तीला दिले."

गाडी आली. चढता चढता त्यांनी माझ्या पाठीत एक गुद्दा घातला, चांगला सणसणीत. तो मला आजही पाहिजे तेव्हा जाणवतो.

पुढच्या पगाराला फडकं घेऊन शेठकडं गेलो. सगळ्या गाठी सुटल्या, शेवटी शेंगदाण्याची नेहमीची गाठ राहिली. दुकानात गर्दी होती आणि गर्दीला मागची गोष्ट ठाऊक होती. शेठनं सगळ्यांना गप्प केलं, गाठ हळूहळू सोडली आणि पारड्यावर उपडी केली. काहीच पडलं नाही. बायकोनं रिकामी गाठ मारली होती, चांगली तीन पिळांची.

शेठनं चष्मा वर केला. "वहिनी लिहितात," ते मोठ्यानं म्हणाले, "शेंगदाणे नको. आणि तीनदा लिहितात."